गाळाची साक्ष

आमच्या वहिनीला शहरातल्या खानावळींमध्ये 'नाकवाल्या बाई' म्हणतात. नाक काही मोठं नाही तिचं, चारचौघींसारखंच आहे. पण तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं की ती एकदाच वास घेते आणि सांगते, हे मासे तळलेलं, हे बटाट्याचं, आणि या तिसऱ्यात तुम्ही भांडी धुतलेलं पाणी ओतलंय, तेव्हा हा डबा परत न्या. खानावळवाला आधी शपथा घेतो. मग ती तापलेल्या तव्यावर त्यातला एक थेंब टाकते. तेल नुसतं असेल तर गप्प पसरतं, पाणी असेल तर तडतडतं. तवा तडतडला की खानावळवाला मुकाट्याने डबा उचलतो.

वापरलेलं तळणाचं तेल गोळा करणाऱ्या डेपोत ती सोळा वर्षं काम करते आहे. मी तिची नणंद, आणि मी विमानतळावर काम करते.

हे वाक्य मी बरीच वर्षं असंच, इथवरच सांगत आले. तिथे काय करता, असं कुणी खोलात जाऊन विचारलं की मी विषय बदलायचे. विमान उतरलं की पुढचे प्रवासी चढायच्या आत आम्ही सहाजणी आत शिरतो, बावीस मिनिटांत सीटांच्या खिशातला कचरा काढतो, पट्टे जुळवून ठेवतो, संडास धुतो. कामात लाज वाटावी असं काही नाही. पण गणवेश असा झकास, निळा, कडक इस्त्रीचा, खिशावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेले पंख, की तो चढवला की मलाही वाटायचं विमान मीच चालवते. त्या गणवेशाच्या जोरावर मी घरात नाकाने कांदे सोलायचे. वहिनीचा डेपोतला ॲप्रन ज्या भिंतीला टांगलेला असायचा, तिच्या समोरच्या भिंतीला मी स्वतःसाठी वेगळी खुंटी ठोकून घेतली होती, आणि वर गणवेशाला प्लास्टिकची पिशवी. तळणाचा वास लागायला नको म्हणून.

वहिनी कधी काही बोलली नाही. उलट धुतलेल्या पिशव्या तीच मला जपून आणून द्यायची. दादाचा तर प्रश्नच नव्हता. तो शाळेची बस चालवतो, त्याला डिझेलखेरीज कसलाच वास येत नाही.

लग्न होऊन आली तेव्हा ती साबणाच्या कारखान्यात होती. तिथे तिने तेल ओळखायला शिकून घेतलं. कारखाना बंद पडला आणि ती डेपोत लागली, आधी डबे धुवायला, मग डबे उघडायला, मग माणसांना खडसावायला. मालक डेपोचा, पण दरारा तिचा. विमानतळावर कुणी विचारलं, तुझी वहिनी काय करते गं, तर मी सांगायचे, इंधनाच्या कंपनीत आहे. खोटं नव्हतंच म्हणा. पण ज्या तोऱ्यात सांगायचे तो तोरा खोटा होता.

डेपोतलं तेल खरोखरच इंधनाच्या कारखान्यात जायचं. तिथे त्याच्यावर प्रक्रिया करून त्याचं विमानाचं इंधन करतात आणि नेहमीच्या इंधनात मिसळतात. विमान तेच, इंजिन तेच, त्याला फरक कळतसुद्धा नाही. मला हे सगळं वहिनीनेच एकदा पोळपाट पुसता पुसता समजावलं होतं.

"जमिनीच्या पोटातलं तेल जाळलं की लाखो वर्षं गाडून पडलेला धूर वर येतो," ती म्हणाली. "हे तेल शेतात उगवलेलं. पिकाने हवेतून जे घेतलं तेच पुन्हा हवेत जातं. नवी भर कमी पडते."

"म्हणजे धूर शून्य?"

"शून्य कसा असेल? टँकर धावतो, कारखाना चालतो. पण पुष्कळ कमी."

"मग सरळ ताजंच तेल का नाही वापरत? एवढी घाण उपसायची कशाला?"

तेव्हा मात्र ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच तव्यावर तडतडले होते. "लोकांच्या तोंडचं तेल काढून विमानाला पाजायचं? आणि ते पुरेना म्हणून जंगलं तोडून तेलाची शेती करायची? मग धूर वाचवून हशील काय? एकदा माणसाच्या पोटाचं काम करून झालं की मगच ते विमानाचं. नियमच आहे तसा. पण या तेलाला मागणी इतकी की काही लबाड ताजंच तेल वापरलेलं म्हणून खपवतात. तसं करणाऱ्याचं नाव कारखाना यादीतून कायमचं उडवतो."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

मग या वर्षी बातमी आली. आमच्या विमानतळावरून पहिल्यांदाच या नव्या इंधनावरचं विमान उडणार होतं, आणि त्यासाठी कारखान्याने आसपासच्या डेपोंकडून तेल मागवलं होतं. वहिनीच्या डेपोच्या वाट्याला छोटा टँकर, पंचवीस पिंपं. मालकाने सांगितलं आणि विसरला. वहिनी विसरली नाही.

एरवी तिची रीत ठरलेली. पिंपाच्या एका बाजूला लाकडाची पाचर सारून पिंप तिरकं करायचं, तीन दिवस उन्हात ठेवायचं. पाणी आणि जळके कण खालच्या कोपऱ्यात जमतात, वरचं तेल नळीने काढून जुन्या चादरीच्या चार पदरी घडीतून गाळायचं. एवढं पुरे असतं. पण या वेळी तिच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. घरी पाहुणा येणार म्हणून आपण नेहमीच्या कपबशा सोडून वरच्या फळीवरच्या काढतो ना, तसं तिचं झालं. साबणाच्या कारखान्यात तेल उजळ करायला एक पांढरी माती वापरायचे. तेल गरम करून ती ढवळली की माती रंग ओढून घेते आणि खाली बसते. वहिनीने ती माती मागवली आणि दोन आठवडे राबून पंचवीसच्या पंचवीस पिंपं उजळ केली. खानावळीगणिक वेगळी, कारण माशांच्या तेलाजवळ बटाट्याचं तेल ठेवलं तरी तिला खपत नाही.

टँकर भरायचा होता त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी हात लावायला गेले. तेल बघून मी चाटच पडले. फिकट पिवळं, पलीकडचा हात दिसावा इतकं नितळ.

"वहिनी, हे विमानात कशाला घालता, माझ्या केसांना लावते."

ती लाजली. खरंच लाजली. "वर जाणार आहे ते," म्हणाली, "जरा बरं दिसलेलं बरं."

टँकर गेला. ती दमून घरी गेली आणि मी मागे आवराआवर करायला थांबले. मागच्या अंगणात सहा पिंपं गाळाने भरलेली होती, तीही खानावळीगणिक वेगळी, वर खडूने आकडे घातलेली. काळीकुट्ट माती, जळके कण, आणि असा वास की डोळ्यांत पाणी यावं. मी म्हटलं, उद्या-परवा कुणी कौतुकाने डेपो बघायला आलं तर नाक दाबून पळेल. तेवढ्यात बाजाराच्या मागे खरकटं कुजवून गॅस करायचा खड्डा चालवणारा माणूस टेम्पो घेऊन दारात आला. डेपोचा नेहमीचा गाळ तोच नेतो, पंधरवड्यातून एकदा. त्याची अजून वेळ झाली नव्हती, सहज डोकावला होता. मी सहाही पिंपं त्याच्या गळ्यात मारली, अंगण धुऊन काढलं आणि स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी कारखान्यातून फोन आला. तेल अडवून ठेवलं होतं. नेहमी तुमच्याकडून काळपट तेल येतं, हे इतकं स्वच्छ कसं? वापरलेलं तेल असं नसतं. ताजं तेल मिसळल्याचा संशय आहे. उद्या तपासणी अधिकारी बाई येतील.

वहिनी घरी आली आणि ॲप्रन न काढताच खुर्चीवर बसली. दादाने पाणी दिलं, ते तिने तसंच हातात धरून ठेवलं. दादाला गंभीर प्रसंगी काय बोलावं ते कधीच कळत नाही. तो म्हणाला, "अति तिथे माती म्हणतात, तू तर खरोखरच माती घातलीस." कुणी हसलं नाही. मग तोच कसनुसा झाला.

"डेपो बंद पडला तर दुसरं काम बघेन," वहिनी म्हणाली. "डबे काय, कुठेही धुवायचे असतात. पण सोळा वर्षं लोकांचे डबे मी तोंडावर परत केले. कुणाची भीड ठेवली नाही. आता तेच लोक म्हणतील, नाकवालीच भेसळ करत होती." आणि मग एकदम सावरून बसली. "पण कर नाही त्याला डर कशाला? मागे सहा पिंपं गाळ आहे. ताज्या तेलाला गाळ नसतो. बाईंना नेऊन दाखवते. तोंडाने काही सांगायलाच नको."



तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. लोकांवर आवाज चढवायला मी पुढे, पण स्वतःची चूक सांगायची वेळ आली की माझी दातखीळ बसते. म्हटलं, सकाळी लवकर जाते, पिंपं परत आणते, कुणाला पत्ताही लागायचा नाही. गणवेश चढवला, कामाला जाते असं दाखवलं आणि उजाडताच गॅसच्या खड्ड्यावर गेले. फाटकाला कुलूप. अर्धा तास हाका मारल्या, आतलं कुत्रं तेवढं भुंकलं. तिथून धावत डेपोवर आले तर अधिकारी बाई येऊनही बसलेल्या.

बाई चाळिशीच्या असतील. पायांत जाड बूट, हातात फाइल, बोलणं मोजकं. मालक त्यांच्यामागे उगाच हात चोळत उभा. वहिनी म्हणत होती, "मातीने उजळ केलं बाई. साबणाच्या कारखान्यात करायचो तसं. विश्वास नसेल तर मागे चला, गाळ दाखवते."

सगळे मागे गेले. मीही गेले. अंगण लख्ख धुतलेलं, कोपऱ्यात एक खराटा उभा.

वहिनीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ती एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे बघत राहिली. सहा पिंपं काही टाचणी नव्हे हरवायला. अधिकारी बाईंनी फाइल उघडली आणि पेनचं टोपण काढलं. त्या टोपणाचा आवाज झाला आणि माझी दातखीळ सुटली.

"मी दिली," मी म्हणाले. "वास मारत होती म्हणून मी गॅसवाल्याला दिली. हिला माहीत नाही. मला लाज वाटत होती, या वासाची लाज वाटत होती, म्हणून दिली. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

वहिनी माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता हिच्या तोंडून एकदाचं निघणार सगळं, खुंटीपासून. पण तिने एवढंच विचारलं, "कधी दिलीस?"

"टँकर गेला त्याच दिवशी."

"मग गेली असतील खड्ड्यात," मालक म्हणाला आणि मटकन खाली बसला.

अधिकारी बाईंनी घड्याळ बघितलं. "खड्डा लांब आहे का?" त्यांनी विचारलं. लांब असता तर त्या गेल्या असत्या की नाही, देव जाणे. पण दहा मिनिटांचा रस्ता होता. आम्ही त्यांच्याच गाडीतून गेलो.

फाटक आता उघडं होतं, आणि मला बघताच गॅसवाला अंगावर धावून आला. "हीच ती! हीच ती बाई! अहो, गाळ देता की चेष्टा करता? माती आहे त्यात, माती! माझा खड्डा बुजला असता! पहिलंच पिंप उघडलं म्हणून वाचलो. एक चमचासुद्धा ओतलेला नाही मी. घेऊन जा तुमची सहाच्या सहा!"

इतकं गोड मला जन्मात कुणी बोललं नव्हतं. भिंतीकडेला उन्हात सहा पिंपं ओळीने उभी होती. मी धावत जाऊन पहिल्या पिंपाला मिठीच मारली. गणवेशाचं जे व्हायचं ते झालं.

अधिकारी बाई हसल्या नाहीत. हातमोजे चढवून त्यांनी एका पिंपाच्या तळातून मातीचा गोळा काढला. "माती दिसली, तेल गाळलेलं दिसलं," त्या म्हणाल्या. "पण कशाचं तेल, ते कसं कळणार?"

"द्या इकडे," वहिनी म्हणाली.

तिने गोळा हातावर घेतला, अंगठ्याने फोडला आणि नाकाशी नेला. "मासे. बंदराकडच्या खानावळीचे. तो पिठात मिरी घालतो."

बाईंनी पिंपावरचा खडूचा आकडा बघितला, मग बरोबर आणलेली डेपोची नोंदवही बघितली. दुसऱ्या पिंपातला गोळा त्यांनी वहिनीला पाठ फिरवायला सांगून काढला.

"बटाटे. दवाखान्यासमोरचं दुकान. तेल फार वेळ तापवतात ते, कडवट वास येतो. सांगून थकले."

तिसरा गोळा. वहिनीने दोनदा वास घेतला. सोळा वर्षांत मी तिला दोनदा वास घेताना पाहिलं नव्हतं.

"हे कोंबडीचं आहे, लसणीसकट. पुलाजवळचा. पण तो एकटा नाही. यात कुणाचंतरी गोड पदार्थ तळलेलं तेल मिसळलंय."

बाईंनी नोंदवहीत बोट ठेवलं. त्या पिंपापुढे वहिनीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पूल, कोंबडी. आणि खाली बारीक: एक डबा बेकरीचा, जागा नव्हती म्हणून.

त्यांनी वही मिटली. "सहाही पिंपांतले नमुने घेते. प्रयोगशाळेत तपासतील, तीन दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात मात्र आता शंका नाही."

गॅसवाला एव्हाना शांत होऊन हे सगळं बघत होता. तो वहिनीला म्हणाला, "बाई, माझ्या घरी पण एक तेलाची बाटली आहे, जरा बघता का?"

तीन दिवसांनी बाई निकाल घेऊन स्वतः आल्या. तेल वापरलेलंच होतं, शंभर टक्के. बोलणीही खावी लागली, नाही असं नाही. "पुढच्या वेळी माती घालू नका," त्या म्हणाल्या. "उजळ करायचं काम कारखान्याचं. तुम्ही फक्त पाणी आणि कण काढायचे. तुमची सफाई आम्हाला महागात पडते."

"म्हणजे घाणसुद्धा मापात हवी," वहिनी म्हणाली. तिला ते पटलेलं नव्हतं, आजही नाही.

मग बाईंनी एक कागद पुढे केला. तेल डेपोतून निघतं तेव्हाचा तो दाखला, तेलाबरोबर कारखान्यात आणि तिथून इंधनाबरोबर विमानतळापर्यंत जातो. हे तेल खरोखर वापरलेलं आहे, असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली सहीची जागा. आजवर तिथे मालक सही करायचा, न वाचता.

"यापुढे इथे तुम्ही सही करायची," बाई वहिनीला म्हणाल्या. "ज्याला कळतं त्याने करावी."

वहिनी उठली, नळावर गेली आणि साबणाने तीनदा हात धुऊन आली. कोपरापर्यंत. मग तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं. मालकाने तिला स्वतःची खुर्ची दिली होती. मी दारात उभी होते आणि मला रडू येत होतं. आनंदाचं होतं, शरमेचंही होतं, आणि अभिमानाचं तर सगळ्यांत जास्त.

विमान उडायचं त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. गणवेश मी दोनदा धुतला होता, तरी पोटावरचा डाग पुरता गेला नव्हता. कपडे बदलायच्या खोलीत आमच्या मुकादम बाई माझ्याजवळ आल्या आणि थबकल्या. "काय गं, तळणाचा वास येतोय का इथे?"

पूर्वीची मी असते तर इकडेतिकडे बघून दुसरीवर ढकललं असतं.

"माझ्या गणवेशाला येतोय," मी म्हणाले. "आमच्या वहिनीच्या डेपोतलं तेल आहे ते. ती खानावळींतून तळणाचं तेल गोळा करते. बाहेर ते फुलं लावलेलं विमान उभं आहे ना, त्याच्या टाकीत तेच आहे. आणि त्याच्या कागदावर सही तिची आहे."

"तू तर म्हणायचीस इंधनाच्या कंपनीत आहे."

"मी सांगायला चुकत होते."

आम्ही सगळ्याजणी कुंपणाशी जाऊन उभ्या राहिलो. विमान धावलं, वर उठलं, ढगांत गेलं. तळणाचा वास काही आला नाही, तो यायचाही नसतो. आमच्यातली एक म्हणाली, इतर विमानांसारखंच तर आहे. मी म्हटलं, अगदी तसंच असायला हवं, त्यातच सगळं आलं.

घरी आले तेव्हा वहिनी परातीत पीठ मळत होती. उडालं का, एवढंच तिने विचारलं, आणि मी उडालं म्हटल्यावर पुन्हा मळायला लागली, जरा जोरात. मी गणवेश उतरवला. माझ्या खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढून घडी करून टाकली आणि गणवेश समोरच्या भिंतीला, तिच्या ॲप्रनवरच टांगला.

"अगं, वास लागेल त्याला," वहिनी म्हणाली.

"लागू दे," मी म्हणाले.